एचआयव्हीची टीएलडी गोळी चुकतेय, झोप उडालीय: चंदगडकडच्या ताईंसाठी सुरुवात कुठून करू?

वाडीवरची कार्यकर्ती
एका विधवा ताईंची गोळी महिन्यातून सात-आठ दिवस चुकते. झोप नाही, जेवण उतरत नाही, "जगून काय करू" असं दोनदा म्हणाल्या. आजाराचं सासरी कुणालाच माहीत नाही. औषधाला कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात जायचं तर शंभरेक किलोमीटर, शिवाय दिवसाची मजुरी बुडते.

समुपदेशक
गोळीचं नंतर. आधी "जगून काय करू" धरा. आजच एकांतात सरळ विचारा: जीव द्यायचा विचार येतो का, कसा ते ठरवलंय का, घरात तणनाशक आहे का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. काही ठरवलं असेल तर ताईंना एकटं सोडू नका, डबा घरातून हलवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. टेली-मानस हा मानसिक आरोग्याचा सरकारी फोन, १४४१६, रात्रीही चालू असतो.

तसं नसेल तर पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या यादीतले नऊ प्रश्न तोंडी विचारा, सासूबाई शेतात गेल्यावर. १० किंवा जास्त गुण आले तर मानसोपचाराकडे पाठवा. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे आधीच सांगा. नाहीतर आठव्या दिवशी बंद होते. एचआयव्हीची गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं. फिट्स आणि मूडसाठी देतात त्या कार्बामाझेपिनमुळे टीएलडीतलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध रक्तात कमी पडतं.

एआरटीतली नर्स
गोळी चुकते म्हणजे ताई बेफिकीर, असं धरू नका. बाटली कुठे ठेवतात ते विचारा. तांदळाच्या डब्यात लपवलेली बाटली काढताना खुळखुळते, म्हणून घरात माणसं असली की काढतच नाहीत. आत थोडा कापूस भरा, ओलावा शोषणारी पुडी मात्र आतच राहू द्या. डोल्युटेग्राव्हिरनं काहींची झोप उडते. रात्री घेत असतील तर डॉक्टरांना विचारून सकाळवर आणा. राहिलेली गोळी आठवताच घ्यायची, पण पुढचीला चार तासांहून कमी वेळ असेल तर सोडायची. दोन एकदम कधीच नाहीत.

हक्कवाली
जवळचं लिंक एआरटी केंद्र (मोठ्या केंद्राला जोडलेलं, गोळ्या देणारं छोटं केंद्र) कुठलं आणि एका वेळी जास्त महिन्यांचं औषध मिळेल का, हे एआरटीच्या समुपदेशकांना विचारा. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज 'निराधार विधवा' म्हणून करा. आजाराच्या कारणावरही मिळते, पण मग तो कागद गावभर फिरतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करता येत नाही. दवाखान्यातल्या कुणी गावात सांगितलं तर तक्रार होते.

वाडीवरची कार्यकर्ती
बाटली खरंच तांदळातच आहे! पित्तासाठी ताई रोज अँटासिड जेल पितात, चालेल?

एआरटीतली नर्स
एकत्र नको. टीएलडीची गोळी जेल पिण्याच्या दोन तास आधी किंवा जेलनंतर सहा तासांनी. लोहाची, कॅल्शियमची गोळी जेवणासोबत टीएलडीबरोबर चालते, उपाशीपोटी नाही.