२०२५ चा स्नूकर वर्ल्ड चॅम्पियन होऊनही झाओ तेव्हा ११ व्या नंबरवर कसा?

लालनंतरकाळा:
२०२५ ची स्नूकरची वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल बघितली, झाओ शिनतोंगने मार्क विल्यम्सला १८-१२ हरवलं, सेमीत रॉनी ओ'सलिव्हनला तर १७-७ असं उडवलं होतं. चीनचा काय, आशियातलाच पहिला वर्ल्ड चॅम्पियन! पण त्या स्पर्धेनंतरचं रँकिंग बघितलं तर हा ११ वा आणि सेमीत विल्यम्सकडून हरलेला जड ट्रम्प एक नंबरला. हे कसलं गणित आहे? जाणकारांनी जरा सांगा ना.

क्यूची_टीप:
गणित सोपंय, रँकिंग म्हणजे गेल्या दोन वर्षांत रँकिंग स्पर्धांमधून मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांची बेरीज. एक पाउंड म्हणजे एक पॉइंट. झाओ मॅच-फिक्सिंग प्रकरणातली बंदी संपवून आला तो अमॅच्युअर म्हणून, क्वालिफायिंगच्या चार मॅच जिंकून शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरपर्यंत, म्हणजे मुख्य स्पर्धेपर्यंत पोचला आणि तिथे अजून पाच जिंकला. म्हणजे त्याच्या नावावर जे आहे ते जवळजवळ सगळं या एकाच स्पर्धेतलं, ५ लाख पाउंड. आणि नुसत्या तेवढ्यावर ११ वा, हेच केवढं आहे बघा!
ट्रम्पचं म्हणाल तर सौदीतली मास्टर्स (तिथेही विजेत्याला ५ लाख) आणि यूके चॅम्पियनशिपचे अडीच लाख, दोन्ही २०२४-२५ च्याच सीझनमधले, वर बाकीच्या स्पर्धा आहेतच.

लालनंतरकाळा:
अच्छा, म्हणजे शॉन मर्फीने जानेवारी २०२५ मध्ये मास्टर्स जिंकली त्याचे पण धरले असतील ना?

क्यूची_टीप:
नाही, ती इन्व्हिटेशनल, टॉप १६ लाच बोलावतात, तिचा एक पाउंडही रँकिंगला लागत नाही. नावात मास्टर्स आहे म्हणून गोंधळ होतो, पण सौदीतली वेगळी, ती रँकिंगवाली.

सेफ्टीशॉट:
मला ही पद्धत अजिबात पटत नाही, सरळ सांगतो. लुका ब्रेसेल बघा, २०२३ ला मार्क सेल्बीला १८-१५ हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग त्या ५ लाखांवर दोन वर्षं वरच्या नंबरात बसला आणि २०२५ ला ते पैसे यादीतून गेले तर थेट टॉप १६ च्या बाहेर. खेळ काय एका रात्रीत खालावला का त्याचा? फॉर्म तर आधीच गेला होता, यादीला ते दोन वर्षांनी कळलं. कायरन विल्सनचं पण तेच, २०२५ ला पहिल्याच राउंडला लेई पेइफानकडून १०-९ हरला आणि सीडेड प्लेयर (वरच्या नंबरामुळे थेट मुख्य स्पर्धेत आलेला) पहिली मॅच हरला की मिळालेले पैसे रँकिंगला धरतच नाहीत, म्हणजे इथून शून्य, पण २०२४ ला चॅम्पियन झाल्याचे ५ लाख २०२६ पर्यंत त्याला धरून ठेवणार. जुन्या पॉइंट सिस्टिममध्ये एका स्पर्धेचं एवढं वजन नव्हतं, २०१४ पासून पैशांची यादी आली आणि सगळा तोल गेला.

क्यूची_टीप:
तोल गेला हे अर्धंच मान्य. १७ दिवस चालणारी, फायनलला १८ फ्रेम (म्हणजे डाव) जिंकाव्या लागणारी स्पर्धा जास्त मोजलीच पाहिजे. माझा राग शूट आउट या स्पर्धेवर आहे. एकच फ्रेम, दहा मिनिटं, पहिली पाच मिनिटं शॉटला १५ सेकंद आणि नंतर १०, आणि ही रँकिंग स्पर्धा! बघायला मजा येते, नाही म्हणत नाही, पण विजेत्याचे ५० हजार पाउंड त्याच यादीत टाकायचे म्हणजे लांब मॅच खेळून वर आलेल्यांवर अन्याय आहे.

सेफ्टीशॉट:
शूट आउटबद्दल १०० टक्के सहमत.

पॉटब्लॅक_फॅन:
यात आपल्या आदित्य मेहताची आठवण काढायलाच हवी. २०१३ ची दिल्लीतली इंडियन ओपन, रँकिंग स्पर्धा, आणि हा फायनलला! डिंग जुनहुईने ५-० ने हरवलं खरं, पण रँकिंग फायनलला पोचलेला पहिला भारतीय तो. नंतर ती स्पर्धा मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम, कोची अशी फिरली, २०१९ ला कोचीत मॅथ्यू सेल्टने जिंकली ती शेवटची. परत सुरू व्हायला पाहिजे राव, घरच्या प्रेक्षकांसमोर रँकिंग मॅच खेळायला मिळणं हे आपल्या पोरांसाठी फार मोठं आहे.

लालनंतरकाळा:
धन्यवाद सगळ्यांना, आता कळलं. म्हणजे झाओने पुढच्या सीझनला दोन-तीन स्पर्धा जरी मारल्या तरी तो भराभर वर जाईल, कारण त्याचे जुने पैसे गळायचेच नाहीत, बरोबर ना?

क्यूची_टीप:
एकदम बरोबर. २०२७ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपपर्यंत ते ५ लाख कुठे जात नाहीत, तोवर जे कमावेल ती सगळी भरच.