जुन्या वर्तमानपत्रांतून बुद्धिबळाचे डाव आणि खेळाडू शोधायचे आहेत : सुरुवात कुठून करावी?

अडीचघर (फोंडा)

नमस्कार मंडळी. गोव्यातले आणि गोव्याबाहेर गेलेले जुने बुद्धिबळपटू, त्यांचे छापून आलेले डाव, क्लबांच्या स्पर्धा यांची नोंद करायची आहे. काळ साधारण १९०० ते १९७५. शब्दकोश शेजारी असला की पोर्तुगीज वाचता येतं, सफाईने नाही. तीन गोष्टींवर सल्ला हवा :

पणजीत काय पाहायचं आणि घरबसल्या काय मिळतं?

जुन्या पद्धतीने छापलेल्या चाली आजच्या नोंदीत आणताना कुठे चुकतं?

आडनाव एकच, नावाचं पहिलं अक्षरही एकच, असे दोन खेळाडू वेगळे कसे ओळखायचे?

पाटोपूल

पहिली गोष्ट : नावापासून सुरुवात करू नका, तारखेपासून करा. पाटोच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड आहेत. नावाने शोधायला गेलात तर वर्षभराचे तीनशेच्या आसपास अंक उलटावे लागतील आणि दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल. त्यापेक्षा कुठलाही एक महिना पूर्ण बघा. खेळांचा मजकूर कुठल्या वारी आणि कितव्या पानावर येतो ते टिपून घ्या, मग तेवढेच वार काढा. रकान्याचा वार मधेच बदलतो, म्हणून दर सहा महिन्यांनी एक आठवडा पूर्ण पाहायचा.

‘ओ हेराल्डो’ १९००चं आणि ‘हेराल्डो’ १९०८चं. ही दोन वेगळी पत्रं आहेत. संदर्भ लिहिताना पहिल्यातला ‘ओ’ गाळलात तर पुढचा माणूस भलतेच खंड उपसत बसेल. ‘ओ हेराल्डो’ १९८३मध्ये इंग्रजी झालं, तोवर पोर्तुगीजच होतं. त्यामुळे तुमच्या साठ-सत्तरच्या दशकांसाठी ‘गोमन्तक’ (१९६२), ‘नवहिंद टाइम्स’ (१९६३) आणि ‘नवप्रभा’ (१९७०) यांच्या जोडीने तेही पाहावं लागेल. मुंबईच्या गोंयकारांसाठी तिथून निघणारं ‘ओ आंग्लो-लुझितानो’ विसरू नका.

पोर्तुगीजमध्ये बुद्धिबळाला ‘शद्रेश’ म्हणतात, पण स्पेलिंग एक्सने सुरू होऊन झेडने संपतं. यंत्राने वाचलेल्या मजकुरात त्या एक्सचं काहीही होतं, म्हणून शोध फक्त त्या शब्दावर सोडू नका. स्पर्धा म्हणजे ‘तोर्नेयु’, डाव म्हणजे ‘पार्तीदा’, बरोबरी म्हणजे ‘एंपाते’. ‘दामा’ हा शब्द एकट्याने शोधूच नका. तो वजीर आहे, अनेकवचनात चेकर्सचा खेळ आहे आणि समारंभाला आलेल्या स्त्रियाही आहेत. क्लबच्या सणसमारंभाच्या बातम्यांत तो पानोपानी भेटेल.

गावांची नावं त्या काळच्या रूपात शोधा. पणजी १८४३पासून अधिकृतपणे ‘नोव्हा गोवा’ होती. म्हापशाच्या पोर्तुगीज स्पेलिंगमधल्या शेपटीवाल्या सीचा यंत्र कधी साधा सी करतं, कधी जी. १९११च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर झेडवालं सौझा एसने, दोन एलचं मेल्लो एका एलने, लुईझ शेवटी एसने लिहिणं सुरू झालं. बऱ्याच घराण्यांनी मात्र जुनं रूप सोडलं नाही. प्रत्येक आडनाव दोन्ही रूपांत शोधायचंच.

फोटोचा क्रम पाळा : आधी शीर्षक आणि तारखेसह पहिलं पान, मग बातमीचं अख्खं पान, शेवटी जवळून कात्रण. फोटोंचे क्रमांक सलग राहतात, त्यामुळे कुठलं कात्रण कुठल्या अंकातलं हा प्रश्न नंतर पडत नाही. आपल्या दमट हवेत जुना कागद घडीवर तुटतो. पान कोपऱ्यातून उचलू नका, खालून तळहात देऊन उलटा. फ्लॅश नको, शाईचं पेन नको, पेन्सिल न्या. डिजिटल प्रत आहे का हे खंड मागवण्यापूर्वी विचारा.

तिरका_उंट

घरबसल्या जे मिळतं त्याबद्दल.

न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ आणि ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’ ही दोन्ही फुकट आहेत. भारतीय खेळाडूंसाठी तिकडची पत्रं का बघायची? कारण ‘ओटागो विटनेस’सारख्या साप्ताहिकांत बुद्धिबळाचे भरघोस रकाने असायचे आणि त्यांत लंडनहून आलेल्या पत्रांतले डाव पुन्हा छापले जायचे. टपाल बोटीने जायचं, म्हणून स्पर्धेच्या तारखेपासून पुढे निदान दहा आठवडे शोधायचे. ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’ला वर्गणी आहे, पण शोध घेऊन निकालातल्या दोन-तीन ओळी वाचायला पैसे पडत नाहीत. आधी सगळे शोध तसेच करून यादी बनवा आणि मग एका महिन्याची वर्गणी भरून सगळं एकदम उतरवा. जर्मन भाषेतल्या पत्रांसाठी ऑस्ट्रियाचं ‘अन्नो’, डचसाठी ‘डेल्फर’. अमेरिकेत ‘ब्रुकलिन डेली ईगल’चा रकाना हर्मन हेल्म्स यांनी १८९३पासून कित्येक दशकं चालवला, तोही खुला आहे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा १८३८पासूनचा संग्रह ‘प्रोक्वेस्ट’वर आहे. तो संस्थेमार्फतच उघडतो, म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा.

‘चेस’ हा एकच शब्द टाकलात तर फर्निचरच्या जाहिराती आणि छातीचे विकार हाती लागतील, कारण यंत्र ‘चेस्ट’ आणि ‘चेस’ यांत गल्लत करतं. आडनावाबरोबर रकान्यात हमखास येणारे शब्द जोडा : ‘व्हाइट’, ‘ब्लॅक’, ‘रिझाइन्स’, ‘मेट इन टू’.

हात बसण्यासाठी आधी सुलतान खान घ्या, कारण उत्तरं पडताळता येतात. ब्रिटिश अजिंक्यपद १९२९, १९३२ आणि १९३३. पहिलं रॅम्सगेटला. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवलं. तो डाव तीन देशांच्या पत्रांत शोधा आणि तिन्ही प्रती चालीगणिक ताडून पाहा. सुलतान खान ज्यांच्या पदरी होते त्या सर उमर हयात खान यांच्याच घरातल्या मिस फातिमा १९३३मध्ये ब्रिटिश महिला विजेत्या झाल्या. त्यांचे डाव शोधताना कळेल की ‘मिस’ लावून आणि न लावून केलेल्या शोधांचे निकाल किती वेगळे येतात.

एक महत्त्वाचं : तीन पत्रांत एकच डाव सापडला म्हणजे तीन पुरावे झाले असं नाही. तिघांतही एकच छापील चूक असेल तर दोघांनी तिसऱ्यावरून उतरवलं आहे. पुरावा एकच, तोही सगळ्यांत आधी छापलेला. आजच्या डेटाबेसमधले कितीतरी डाव असेच एकमेकांवरून आलेले आहेत, म्हणून डेटाबेसमध्ये डाव सापडला तरी मूळ छापील जागा शोधल्याशिवाय तो पक्का धरू नका.

किल्लेकोट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण सगळ्यात जास्त नासधूस इथेच होते.

जुनी इंग्रजी नोंद वर्णनात्मक. पटाच्या उभ्या पट्ट्यांना मोहऱ्यांची नावं, आणि प्रत्येक खेळाडू घरं आपल्या बाजूने मोजणार. म्हणून ‘पी-के४’ पांढऱ्याने केलं तर ई४, काळ्याने केलं तर ई५. पी प्यादं, के राजा, क्यू वजीर, बी उंट, घोड्याला ‘केटी’. कॉक्रेन आणि महेशचंद्र बॅनर्जी यांचा कलकत्त्याचा १८४८चा डाव सरावाला घ्या, घोडा देऊन खेळायची ‘कॉक्रेन गॅम्बिट’ ही सुरुवात याच डावामुळे ओळखली जाते : पी-के४ पी-के४, केटी-केबी३ केटी-केबी३, केटी घेतो पी, पी-क्यू३, केटी घेतो बीपी. आजच्या भाषेत ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६, घोडा घेतो ई५, डी६, घोडा घेतो एफ७. बॅनर्जींचं नाव त्या काळच्या इंग्रजीत मोहिशुंदर, मोहेशचुंदर अशा अनेक रूपांत आहे. तो काळ असा की काळी मोहरी घेणाऱ्याने पहिली चाल केलेलीही सापडते. पहिली चाल कोणाची हे आकृती आणि मजकूर दोन्ही पाहून ठरवा, रंगावर जाऊ नका.

पोर्तुगीज वर्णनात्मक नोंदीत दोन फरक आहेत आणि दोन्ही फसवतात. एक, आकडा आधी आणि पट्टी नंतर : ‘पी४आर’. दोन, अक्षरं. आर म्हणजे ‘रेय’, राजा. इंग्रजीत तेच अक्षर हत्तीचं. पोर्तुगीज हत्ती ‘तोर्रे’, म्हणून टी. घोडा ‘कावालु’, सी. वजीर ‘दामा’, डी. उंट मात्र दोन्हीकडे बी. ‘आर१टी’ दिसलं की इंग्रजीची सवय असलेला डोळा हत्ती हलवतो. तिथे राजा कोपऱ्यात गेलेला असतो. बहुतेक वेळा पुढच्या दोन-तीन चालींत पट कोसळतो आणि चूक कळते. कधीकधी कोसळत नाही, तेव्हा खोटा डाव बिनबोभाट नोंदला जातो. म्हणून कात्रणाच्या वरच अक्षरांचा तक्ता लिहून ठेवा आणि प्रत्येक चाल पटावर मोहरा हलवून भरा. पीजीएन फाइलला (डाव संगणकावर साठवायचा साचा) इंग्रजी अक्षरंच कळतात. पोर्तुगीज चाली जशाच्या तशा टंकल्यात तर आर हत्तीच होणार. लिचेस या संकेतस्थळावरचा खासगी ‘स्टडी’ किंवा ‘स्किड’ हे फुकटचं सॉफ्टवेअर या कामाला पुरतं.

छापखान्याच्या ठरावीक चुका : राजाची बाजू आणि वजिराची बाजू यांची अदलाबदल (केबीच्या जागी क्यूबी), ३ आणि ८ तसंच ३ आणि ५ यांची गल्लत, बी आणि आर यांची गल्लत, एखादी ओळ गळणं, आणि पांढऱ्याची चाल काळ्याच्या रकान्यात सरकणं. नुसतं ‘बी३’ लिहिलं असेल आणि मोहरा सी३ व एफ३ या दोन्हींवर जाऊ शकत असेल, तर दोन्ही फांद्या शेवटपर्यंत खेळून बघा. सहसा एकच टिकते.

पीजीएनच्या तारखेत छापल्याची तारीख घालू नका. डाव खेळल्याची तारीख माहीत नसेल तर तिथे प्रश्नचिन्हं ठेवायची. अंकाची तारीख, पान आणि रकाना ‘सोर्स’मध्ये.

शाईचा_डाग

मराठी पत्रांबद्दल थोडंच. १९६२च्या लेखननियमांआधीचा मजकूर अनुस्वारांनी भरलेला आहे : ‘बुद्धिबळें’, ‘सामन्यांत’, ‘पहिलें’. शोधताना अनुस्वारासह एकदा आणि त्याशिवाय एकदा. ‘शतरंज’ही टाकून पाहा. अंकावर शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, पण जानेवारीपासून वर्षप्रतिपदेपर्यंत ७९. माघ शके १८५० म्हणजे १९२९, १९२८ नव्हे.

आणि देशी पद्धतीचा डाव असेल तर आजच्या नियमांनी तपासू नका. त्यात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नाही आणि राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. बातमीत ‘बुर्जी’ (एका बाजूचा राजा एकटाच उरणं) आली की तो देशी डाव समजा.

अडीचघर

सगळ्यांचे मनापासून आभार. @किल्लेकोट, एका कात्रणात सतरावी चाल अशक्य आहे. लिहिलेल्या घरावर कुठलाच उंट पोचत नाही. पुढच्या चाली बघता काय असावं याचा अंदाज येतो. तो अंदाज भरून पुढे जाऊ का?

किल्लेकोट

लगेच नको. चूक बहुधा सतराव्या चालीत नसतेच, तिच्या आधी असते. पंधरा-सोळापर्यंत मागे या आणि वर दिलेल्या ठरावीक चुकांपैकी एकेक बदल करून बघा. डाव शेवटपर्यंत चालला पाहिजे आणि बातमीतला निकाल त्या स्थितीला शोभला पाहिजे. ‘वजीर पडल्याने शरण’ असं छापलं असेल तर वजीर खरंच पडला पाहिजे. एकच दुरुस्ती उरली तर ती घ्या आणि टीपेत लिहा : छापील चाल ही, दुरुस्त चाल ही, कारण हे. दोन दुरुस्त्या उरल्या तर डाव सोळाव्या चालीवर थांबवा आणि पुढचा मजकूर कात्रणाप्रमाणे अक्षरशः टीपेत उतरवा. गुपचूप दुरुस्त केलेला डाव पुढे कोणालाच तपासता येत नाही. अर्धा पण खरा डाव कामाचा असतो.

पाटोपूल

तिसरा प्रश्न राहिला. आडनाव आणि पहिलं अक्षर जुळलं म्हणून दोन नोंदी एक करू नका. आणखी दोन स्वतंत्र गोष्टी जुळायला हव्यात : गाव आणि पेशा, किंवा क्लब आणि वडिलांचं नाव. पेशासाठी ‘बोलेतीं’ हे सरकारी राजपत्र उपयोगी आहे. ते १८३७पासून निघायचं आणि त्यात नेमणुका येतात. माणूस ज्या महिन्यात दीवला रुजू झाला त्याच महिन्यात मडगावच्या स्पर्धेत खेळत असेल, तर ते दोघे आहेत. मुंबईच्या पत्रांत गोंयकार खेळाडूच्या नावापुढे गावाच्या कुडीचं (मुंबईतल्या गावकऱ्यांच्या राहण्याच्या जागेचं) नाव असेल तर ते जसंच्या तसं उतरवून घ्या. कूड गावाची असल्यामुळे त्यावरून गाव हाती लागतं.

जुळेपर्यंत सौझा-१, सौझा-२ असे वेगळे ठेवा. दोन नोंदी नंतर एक करणं पाच मिनिटांचं काम आहे. एक केलेल्या सोडवायच्या म्हटलं तर प्रत्येक कात्रण पुन्हा वाचावं लागतं.

तिरका_उंट

१९५५नंतरच्या बातम्यांसाठी दोन खुंट्या. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५मध्ये एलुरूला झाली, रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते. जुन्या इंग्रजीत गावाचं नाव ‘एलोर’ येतं, त्याचं वेरूळ करून बसू नका. पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा १९७४ची, बंगळूरला, विजेत्या वासंती खाडिलकर. या दोन्हींच्या आधीच्या महिन्या-दीड महिन्याचे अंक काढा. कोण निवडलं गेलं, कोण निघालं अशा छोट्या बातम्या तेव्हा येतात आणि निकालाच्या बातमीत न येणारी नावं त्यांत असतात.

अडीचघर

उत्तम. मग ‘गोमन्तक’ आणि ‘ओ हेराल्डो’चे १९७४चे खंड आधी मागवतो, खेळाच्या पानाचा वार ठरवतो आणि तिथून मागे येतो. अक्षरांचा तक्ता इथेच चिकटवेन, कोणी तपासून द्यावा.