मदत हवी आहे: लिंकनशरमध्ये सापडली म्हणून घेतलेली रोमन ब्राँझ नाणी, पण टांकसाळींच्या खुणा जुळत नाहीत

रेवातीर

नमस्कार मंडळी. मी नॉटिंगहॅमला राहते. इथल्या एका नाणेमेळ्यात चौथ्या शतकातल्या रोमन ब्राँझ नाण्यांची पुरचुंडी घेतली. चाळीसेक नाणी, बहुतेक १५ ते १८ मिलिमीटरची, मातीच्या पुटासकट. विक्रेता म्हणाला, सगळी लिंकनशरमधल्या एकाच शेतातली आहेत. कागद काहीच दिला नाही. ही नाणी कुठे फिरली, कोणाच्या व्यवहारात होती, हे समजून घ्यायचं आहे. विकायची मुळीच नाहीत.

वाचता आलेल्यांपैकी बरीचशी 'ग्लोरिया एक्सर्सितूस', म्हणजे 'सैन्याचा गौरव' या प्रकारची आहेत. मागच्या बाजूला भाले घेतलेले दोन सैनिक, त्यांच्यामध्ये काहींत दोन ध्वज तर काहींत एकच. दोन ध्वजांची नाणी अडीच ग्रॅमच्या आसपास भरतात, एका ध्वजाची दीड-पावणेदोन. थोडी 'उर्ब्स रोमा' आहेत: पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम नगरीची देवता, मागे लांडगीला पिणारी जुळी मुलं आणि वर दोन तारे. ते तारे दिसले तेव्हा मला फार आनंद झाला, इतके स्वच्छ उमटलेत. शिवाय काही 'फेल टेंप रेपारातिओ', म्हणजे 'सुखाचा काळ परत आला', घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला सैनिक भाला मारतोय ती.

अडले आहे ती टांकसाळींपाशी. चित्राखालच्या रेघेखाली जी अक्षरं असतात त्यांत टी-आर-पी किंवा टी-आर-एस, म्हणजे आजच्या जर्मनीतलं ट्रिअर, एखाद-दुसऱ्याच नाण्यावर आहे. निम्म्याहून जास्त नाण्यांवर एस-आय-एस, एस-एम-टी-एस, एस-एम-एच आणि एस-एम-के आहे. ब्रिटनमधल्या नाण्यांवर असं असतं का?

आणखी दोन गोष्टी. एक नाणं जेमतेम १२ मिलिमीटरचं आहे, त्यावरचे सैनिक काड्यांचे वाटतात आणि अक्षरं म्हणजे नुसत्या रेघा. ते नकली समजायचं का? आणि दोन नाण्यांवर फिकट हिरवी पूड धरली आहे, बोट लावलं की निघते.

नाणेघाट

रेवातीरताई, तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. एस-आय-एस म्हणजे सिसिया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. एस-एम-टी-एस थेस्सलोनिका. एस-एम-एच हेराक्लीआ, मारमाराच्या समुद्राकाठचं. एस-एम-के किझिकस, त्याच समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचं. 'एस-एम' म्हणजे 'साक्रा मोनेता', सम्राटाची पवित्र नाणी. त्यांच्या मागे-पुढे एखादं सुटं अक्षर दिसेल, ते टांकसाळीतल्या विभागाचं. पूर्वेकडे ते ग्रीक अंकांनी दाखवत, आल्फा, बीटा, गामा असे. पश्चिमेकडे 'प्रिमा', 'सेकुंदा'ची आद्याक्षरं येतात; ट्रिअरच्या खुणेतलं शेवटचं पी किंवा एस तेच.

आता मुख्य मुद्दा. ही हलकी नाणी मुख्यतः सैन्याच्या आणि प्रशासनाच्या खर्चातून बाहेर पडत आणि जवळच्या टांकसाळीतून त्या त्या प्रदेशात पोचत. ३३० ते ३४१ या काळात ब्रिटनला ट्रिअरचा पुरवठा सगळ्यात मोठा, त्याखालोखाल आजच्या फ्रान्समधली लियाँ आणि आर्ल. सिसिया किंवा किझिकसचं एखादं नाणं इंग्लंडच्या शेतात मिळतं, माणसं आणि पलटणी फिरतच होत्या. पण निम्म्याहून अधिक? असं मिश्रण डॅन्यूबच्या दक्षिणेकडचं, बाल्कन भागातलं वाटतं. एकट्या नाण्यावरून शोधस्थान कधीच ठरत नाही, पण चाळीस नाण्यांचा संच बोलतो.

दुसरा पुरावा कायद्याचा. इंग्लंडमध्ये १९९६चा ट्रेझर ॲक्ट आहे. ३०० वर्षांहून जुनी, सोनं-चांदी १० टक्क्यांहून कमी असलेली १० किंवा जास्त नाणी एकाच ठेव्यातली असतील तर ती 'ट्रेझर', म्हणजे गुप्तधन, ठरतात आणि १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. खरोखर एकाच शेतात चाळीस नाणी एकत्र निघाली असती आणि संग्रहालयाने ती नको म्हटली असती, तर विकताना नोंद क्रमांक हातात असता. त्या विक्रेत्याला तो विचारा. तो गप्प बसला तर समजून घ्या.

१२ मिलिमीटरच्या नाण्याला 'नकली' म्हणून बाजूला टाकू नका, ते मला तुमच्या पुरचुंडीतलं सर्वांत मोलाचं वाटतंय. ३४१ नंतर काही वर्षं वायव्येकडच्या प्रांतांत सरकारी ब्राँझचा पुरवठा आटला, तेव्हा स्थानिक लोकांनी सैनिकांच्या आणि लांडगीच्या नाण्यांच्या छोट्या नकला पाडल्या. ३५४ च्या सुमारास बंडखोर सम्राट मॅग्नेंशियसची नाणी बाद झाली आणि पुन्हा टंचाई आली. तेव्हा कोसळत्या घोडेस्वाराच्या नकला निघाल्या. लोक त्यांवर बाजारहाट करत होते. ब्रिटनमधल्या वस्त्यांवर अशा नकला ढिगाने मिळतात, म्हणून चाळिसांत एकच असणं हेही लिंकनशरच्या विरोधात जातं. अर्थात विक्रेत्याने वेडीवाकडी आधीच काढून टाकली असतील, त्यामुळे या मुद्द्यावर फार जोर देत नाही.

कावेरीकाठ

मी कोइंबतूरला नोकरीला आहे, इकडे करूरच्या अमरावती नदीच्या पात्रात मिळालेली चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन तांब्याची नाणी पाहिली आहेत. नाणेतज्ज्ञ आर. कृष्णमूर्ती यांनी करूर-मदुराईच्या अशाच नाण्यांवर काम केलं. थिओडोसियस, अर्केडियस, होनोरियस या सम्राटांची, बहुधा पूर्वेकडच्या टांकसाळींची. झिजून इतकी गुळगुळीत झालेली की सम्राटाचा चेहरा बोटानेच ओळखावा लागतो. श्रीलंकेत तर ती फारच मोठ्या संख्येने मिळतात, आणि सोबत तिथेच पाडलेल्या नकलाही. म्हणजे ब्रिटनच्या लोकांनी जे केलं तेच, हजारो मैल दूर. वजनाने कमी आणि अक्षरं न कळणारी नाणी दोन टोकांना का चालली, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

रेवातीर, झीज नक्की लिहून ठेवा. ३३० चं नाणं आणि ३५० चं नाणं सारखंच कोरं असेल, तर ती बहुधा एका वेळी जमिनीत गेलेली नाहीत. जुनं जास्त झिजलेलं आणि नवं कमी, असा उतार दिसला तर एकाच थैलीतली असण्याची शक्यता वाढते.

तांबटआळी

हिरवी पूड म्हणजे ब्राँझचा रोग. क्लोराइडमुळे होतो आणि दमट हवेत वाढत जातो. ती दोन नाणी आजच्या आज वेगळी करा. पितांबरी, चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही लावू नका. देवाची भांडी उजळतात तशी नाणी उजळली की वरचा घट्ट थर जातो आणि अक्षरं त्याच थरात असतात. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवून पाणी बदलत राहा, मग पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत बंद डबीत ठेवा. रोग परत उलटला तर वस्तू-संवर्धनाचं काम करणाऱ्याकडे न्या. बाकीच्यांची माती लाकडी टूथपिकने, भिंगाखाली. घाई नको.

रेवातीर

किती आभार मानू! काल रात्री पुढच्या बाजूही वाचत बसले. दोन ध्वजांच्या नाण्यांवर बऱ्याच ठिकाणी सम्राटाच्या पदवीऐवजी 'नोब सी' दिसतंय आणि डोक्यावर पानांची माळ आहे. एका ध्वजाच्या काहींवर 'ऑग' आणि मोत्यांची पट्टी. हा फरक तारखेसाठी वापरता येतो का? कावेरीकाठ, झिजेचं कोष्टक करते आहे. पहिल्या नजरेत तरी लांडगीची नाणी घोडेस्वाराच्या नाण्यांइतकीच कोरी आहेत.

नाणेघाट

नक्की येतो. 'नोब सी' म्हणजे 'नोबिलिस्सिमूस सीझर', युवराज. सम्राट कॉन्स्टंटाइन मे ३३७ मध्ये वारला आणि त्याची मुलं सप्टेंबर ३३७ मध्ये ऑगस्टस, म्हणजे सम्राट, झाली. म्हणून एका ध्वजासोबत त्यांतल्या कॉन्स्टन्स किंवा दुसऱ्या कॉन्स्टँशियसच्या नावापुढे 'ऑग' असेल तर ते नाणं ३३७ नंतरचं, साधारण ३४१ पर्यंतचं. दोन ध्वजांची ३३० ते ३३५. थोरल्या कॉन्स्टंटाइनवरही 'ऑग' असतं, तेव्हा नाव पूर्ण वाचल्याशिवाय तारीख लिहू नका.

झीज सारखी असेल तर वेगवेगळ्या ठिकाणची नाणी गोळा करून मातीसकट पुरचुंड्या बांधल्याचा संशय बळावतो. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या, अधिकाऱ्याला दाखवायला हरकत नाही, ओळख पटवायला मदत होईल. पण शोधस्थान खात्रीने सांगता येत नसेल तर नोंदीत 'लिंकनशर' लिहू देऊ नका, चुकीचा ठिपका नकाशावर कायमचा राहतो. एस-एम-एच आणि एस-एम-के असलेल्या नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि व्यास इथे टाका, विभागाची अक्षरं लावून बघू.