दाताच्या एक्स-रेत मुळाशी काळा ठिपका, दोन डॉक्टरांची दोन मतं. मदत हवी आहे

मनाली_के | मंगळवार, रात्री १०:४०
खूप वैताग आलाय, म्हणून थेट लिहिते. दोन आठवडे झाले, थंड पाणी प्यायलं की डावीकडे खालच्या दाढेत कळ जाते. एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मुळाच्या टोकाशी काळा ठिपका दाखवला आणि रूट कॅनाल करावं लागेल म्हणाले. साडेनऊ हजार सांगितले. दुसरीकडे तोच एक्स-रे दाखवला, तर ते म्हणाले ठिपक्याला आत्ता हात लावू नका, सहा महिन्यांनी परत बघू. फोटो एकच आणि उत्तरं दोन! ठिपका म्हणजे पूच ना? मग थांबायला का सांगतात? परवा सकाळची अपॉइंटमेंट आहे, कृपया लवकर सांगा.

सदाशिव_काका | रात्री १०:५२
एक्स-रे कुठला? एक-दोन दातांचा छोटा, की सगळा जबडा दिसणारा लांब ओपीजी? ओपीजी असेल तर फोटोतली डावी बाजू ती आपली उजवी, समोर उभं राहून आपल्याकडे बघितल्यासारखी. आमच्या मेहुण्यांनी चार दिवस भलत्याच दाढेची काळजी केली होती.

नेहा_आई | रात्री ११:०५
आधी हे सांगा, गरोदर वगैरे नाही ना? डॉक्टरांना विचारलं होतं का? आणि एवढे एक्स-रे कशाला काढून घेता? माझ्या आईच्या वेळी कुणी काढत नव्हतं, नुसतं बघून सांगायचे.

बटवा | रात्री ११:११
लवंगेच्या तेलाचा बोळा रात्री दाढेत धरा. तीन दिवसांत कळ जाते. घरात सगळ्यांना गुण आलाय.

मुक्ता_दंतवैद्य | रात्री ११:३०
@बटवा, लवंगेच्या तेलाने तो भाग बधिर होतो, कीड जात नाही. शिवाय बोळा रात्रभर ठेवला तर हिरडी भाजते, असे पेशंट मी पाहिलेत.

मनालीताई, फोटो न बघता निदान करणार नाही, पण तो वाचायचा कसा ते सांगते. जे कठीण ते किरण अडवतं आणि पांढरं दिसतं. धातू पांढराफटक, दाताचं वरचं कवच त्याखालोखाल, नसेची पोकळी काळी. कीडही काळपट आणि झिजलेलं हाडही. म्हणून काळा म्हणजे पू असं नाही. तिथे हाड विरळ झालंय, एवढंच तो ठिपका सांगतो. खालच्या उपदाढांच्या मुळांपाशी नस बाहेर पडण्याचं नैसर्गिक छिद्र असतं, तेही गोल काळंच दिसतं. उलट, हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत काही उमटत नाही, त्यामुळे फोटो स्वच्छ म्हणजे दात निरोगी असंही नाही.

आता सांगा: दाढ कितवी? तिच्यावर आधी काही काम झालंय का? चावताना किंवा टकटक केल्यावर दुखतं का? कळ क्षणात जाते की रेंगाळते?

किरण_टेक्निशियन | बुधवार, सकाळी ७:२०
नेहाताई, काळजी रास्त आहे, पण आकडे बघा. छोट्या डिजिटल एक्स-रेचा डोस साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणारे किरण मोजायचं एकक). माती, हवा, आकाशातून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २४०० मिळतात, म्हणजे रोजचे सहा-सात. एक छोटा एक्स-रे एका दिवसाच्याही आत येतो, ओपीजी दोन-चार दिवसांचा. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळे लोक पिढ्यान्‌पिढ्या याच्या कितीतरी पट किरणांत राहतात. अर्थात गरज नसताना एकही काढू नये आणि गरोदर असाल तर कुणी विचारलं नाही तरी आधी सांगायचं.

नेहा_आई | सकाळी ७:४५
मग शिशाचं एप्रन का घालतात? काहीच नसतं तर घातलं नसतं.

किरण_टेक्निशियन | सकाळी ८:०२
जुनी यंत्रं आणि फिल्म यांना किरण जास्त लागत, तेव्हाची पद्धत. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये एप्रन आणि गळपट्टा नेहमीसाठी नको असं सांगितलं. गळपट्टा मध्ये आला तर ओपीजी बिघडतो आणि परत काढावा लागतो. तुम्हाला हवं असेल तर मागा.

अक्कलदाढ_पीडित | सकाळी ८:३०
माझं ऐका, अक्कलदाढा चारही काढून टाका. मी २०१९ ला काढल्या, तेव्हापासून निवांत.

सदाशिव_काका | सकाळी ८:४१
अक्कलदाढेचा विषयच नाही इथे. मनालीताई, सरळ सीबीसीटी स्कॅन करा. त्रिमितीत सगळं दिसतं, वाद मिटतो.

मुक्ता_दंतवैद्य | सकाळी ९:१५
काका, पहिल्या पायरीला नको. डोस कितीतरी जास्त, खर्च जास्त आणि तोंडात धातूची कॅप असेल तर तिच्याभोवती रेघा उमटून नेमकं तिथलंच दिसत नाही. मनालीताई, प्रश्न तसेच आहेत.

मनाली_के | दुपारी १:५०
ऑफिसात होते. गरोदर नाही. छोटा एक्स-रे आहे, डावी म्हणजे माझीच डावी. कागदावर ३६ लिहिलंय. टकटक केल्यावर काही नाही, कळ दोन-तीन सेकंदांत जाते. त्या दाढेवर धातूची कॅप आहे, २०१६ मध्ये रूट कॅनाल झालेलंच आहे. आता *परत* करायचं म्हणतात. हे वर लिहायचं राहिलं.

मुक्ता_दंतवैद्य | दुपारी २:१०
ताई, सगळं चित्रच बदललं! ३६ म्हणजे खाली डावीकडे मधून मोजत सहावा दात, पहिली मोठी दाढ. तिची नस २०१६ लाच काढलीय. नस नसलेल्या दाढेला थंड लागत नाही. कळ शेजारच्या दातातून येत असणार. दोन दातांमधली कीड आरशात दिसत नाही आणि मुळासाठी काढलेल्या फोटोतही निसटते. त्यासाठी पट्टी चावून धरून काढतात तो एक्स-रे मागा, बाइटविंग.

ठिपक्याचं वेगळं. रूट कॅनालनंतर हाड भरायला कधीकधी चार वर्षंही लागतात आणि काही वेळा व्रण कायमचा राहतो. एका फोटोत वाढतोय की आटतोय ते कळत नाही, म्हणून दोन डॉक्टर दोन बाजूंनी बोलले. २०१६ चा एक्स-रे आहे का?

सदाशिव_काका | दुपारी २:२५
जुनी फिल्म सापडली तर कोपऱ्यात बारीक उंचवटा असतो, बोटाला लागतो. तो आपल्याकडे ठेवून बघा, नाहीतर डाव्याचं उजवं होतं.

नेहा_आई | दुपारी २:४०
मुक्ताताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, दुधाच्या दाताला कीड आहे. त्याचा एक्स-रे काढावा का?

मुक्ता_दंतवैद्य | दुपारी ३:०५
दाढा एकमेकींना चिकटून असतील तर हो, त्याशिवाय मधलं कळत नाही. ओपीजी मात्र निव्वळ किडीसाठी नको. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.

मनाली_के | गुरुवार, दुपारी १२:३५
दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. बाइटविंग काढला. कॅपच्या मागच्या दाढेला, अगदी कॅपला टेकते तिथे, तिरपा काळा खळगा दिसला. कीड नसेपर्यंत गेलेली नाही, आजच भरून दिली. घरी येऊन गार पाणी प्यायले, कळ नाही. जुनी फिल्म आईच्या कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत निघाली, कडेने तपकिरी झालेली. ट्यूबलाइटसमोर धरली तर तेव्हाचा ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा होता, आता मोहरीएवढा आहे. डॉक्टरही तेच म्हणाले, हात लावायचा नाही. मुक्ताताई, तुमचे फार आभार, मी साडेनऊ हजार भरायला निघालेच होते.

मुक्ता_दंतवैद्य | दुपारी १:१०
छान झालं. सहा महिन्यांनी काढाल तेव्हा ही फिल्म आणि आत्ताचा फोटो दोन्ही न्या आणि त्याच कोनातून काढायला सांगा. कोन बदलला तर ठिपका नुसताच लहान-मोठा दिसतो.