धानाच्या बांधीतला मिथेन : मदत हवी आहे
मंडळी, भंडारा जिल्ह्यात आमचं उन्हाळी धान असतं. बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) पाणी साचून राहिलं की मातीत हवा शिरत नाही आणि जिवाणू मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. उपाय म्हणून भोकं पाडलेला पाइप मातीत रोवायचा आणि त्यातलं पाणी जमिनीखाली १५ सेंमी गेलं की मगच पुन्हा भरायचं, असं वाचलं. पण बांधी ओली-कोरडी होत राहिली की युरियातून नायट्रस ऑक्साइड वाढतो, आणि तो वायू तर कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो! मग पदरात फायदा पडतो किती? युरिया पाणी भरण्याआधी टाकायचा की नंतर? भारी जमिनीला भेगा पडतात का? (तणाचा ताप वेगळाच.) कुणी केलं असेल तर कृपया सांगा.