लढता लढता कळलेली गोष्ट : तुमचे अनुभव सांगा

सुदामानगरकर

२०१८ साली ‘डार्क सोल्स’ या गेमची सुधारलेली आवृत्ती पीसीसाठी आली आणि मी ती लगेच घेतली. तेव्हा आजी इंदूरला आमच्याकडेच होती. दुपारी मी खेळायचो, ती मागे पलंगावर बसून फुलवाती वळायची.

त्या गेममध्ये सिफ नावाचा एक अवाढव्य लांडगा आहे. तोंडात तलवार धरून तो आर्टोरियस या आपल्या धन्याच्या थडग्याची राखण करतो. पुढच्या वाटेला जी अंगठी लागते ती त्याला मारूनच मिळते. मी सात-आठ वेळा मेलो. मग जमू लागलं: त्याच्या पोटाखाली शिरायचं, दोन वार करायचे, तो मागे उडी घ्यायला लागला की ढाल वर. शेवटी त्याचा हेल्थबार, म्हणजे उरलेला जीव दाखवणारी पट्टी, अगदी तळाला आला आणि तो लंगडायला लागला. तलवार फिरवायला गेला की तोल जाऊन पडायचा.

आजीच्या बोटांतला कापूस तसाच राहिला. “अरे, लंगडतोय तो. आता कशाला मारतोस?”

“आजी, त्याशिवाय पुढे जाता येत नाही.”

“मग नको जाऊस.”

मी मारलं. त्या लढाईत एकही संवाद नाही. धन्यावर त्याचा किती जीव होता, हे कुणी येऊन सांगत नाही. पाय ओढत पुन्हा पुन्हा उठणारं ते जनावर बघून कळतं. त्याच गेमच्या २०१२ सालच्या वाढीव भागात आधी जाऊन लहानग्या सिफला वाचवलं असेल, तर इथे तो आपल्याला हुंगून ओळखतो. आणि तरीही तलवार उचलतो. माझ्याकडून तो प्रसंग अजून बघवलेला नाही.

म्हणून हा धागा. कटसीनमधून, म्हणजे मध्येच नुसत्या बघायच्या दृश्यातून कळलेली गोष्ट नको. कंट्रोलर हातात असताना, ऐन मारामारीत कळलेली सांगा.

रामबागेतली

‘विचर ३’, २०१५. व्हाइट ऑर्चर्ड गावाबाहेरची विहीर.

देवासला मामाच्या वाड्यात विहीर होती. आम्ही मुलं सुट्टीत गेलो की आईचा एकच धाक असायचा, “भर बाराला विहिरीकडे फिरकायचं नाही.” रात्रीची भुतं सगळ्यांकडे असतात, दुपारी बाराचं भूत फक्त आपल्याकडे, असं मला वाटायचं. हा गेम पोलंडचा, आणि तिकडच्या लोककथांतही भर दुपारी शेतात फिरणारी बाई आहे! गेममधली ती लग्नाआधी मारली गेलेली मुलगी आहे. प्रेत विहिरीतल्या दोराला लटकलेलं, हातातली बांगडी खाली पाण्यात. विहिरीत उतरून ती बांगडी शोधायची, प्रेताबरोबर जाळायची, की ती समोर उभी राहते.

आता लढाई. तिला धड देहच नाही, त्यामुळे तलवार लागल्यासारखी लागतच नाही. यर्डन नावाचा मंत्र टाकून जमिनीवर जांभळं रिंगण आखायचं. त्यात ती आली की तेवढ्यापुरती देहात येते, तेव्हाच वार करायचा. म्हणजे जिचा देह लोकांनी विहिरीत टाकला, तिला क्षणभर देह द्यायचा आणि मग सोडवायचं. तिसऱ्या-चौथ्या रिंगणाला हे माझ्या डोक्यात आलं आणि मी गेम पॉज करून उठले. पाणी प्यायले, मग परत बसले.

चिमणबाग

माझं मत वेगळं आहे. गोष्ट आणि मारामारी बहुतेक गेममध्ये एकमेकींना ओळखतही नाहीत. मनगटाच्या दुखण्यामुळे मी ‘विचर ३’ सर्वांत सोप्या पातळीवर खेळलो, जिचं नावच ‘फक्त गोष्ट’ अशा अर्थाचं आहे. त्यातल्या ब्लडी बॅरन नावाच्या सरदाराचं प्रकरण मला तेवढंच लागलं जेवढं कोणालाही लागेल. न जन्मलेल्या लेकीला नाव देऊन उंबऱ्याखाली पुरणारा बाप आठवतो, वाटेतली भुतं मी कशी मारली ते नाही.

रामबागेतली

चिमणबाग, पण त्या वाटेवर बापाच्या हातातलं ते भूत झालेलं पोर बिथरलं की त्याला शांत कोण करतं? आपणच, मंत्र टाकून. एकीकडे भुतं अंगावर येतायत आणि एक डोळा त्या पोरावर. उंबरठ्यापर्यंत पोचल्यावर मला जे हायसं वाटलं, ते नुसतं बघून वाटलं नसतं. मनगटाला जपा मात्र. सोप्या पातळीवर खेळण्यात कमीपणा काहीच नाही.

नारायणबागवाला

वयाने मी इथे सगळ्यांत मोठा असेन. ‘फायनल फँटसी ७’ १९९७ चा, आमच्याकडे पीसीवरची सीडी पोचली ती बरीच नंतर. एरिथ ही आपल्या गटातली, जखमा भरून काढणारी. मी तासन्‌तास तिच्यावर मेहनत घेतली होती, तिची मोठी शक्ती उघडावी म्हणून. पहिल्या सीडीच्या शेवटी ती मरते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं.

पण धाग्याचा विषय पुढचा आहे. ती गेल्या गेल्या राक्षसाशी लढाई सुरू होते आणि बॉसचं, म्हणजे मोठ्या शत्रूशी लढतानाचं नेहमीचं संगीत वाजत नाही. नोबुओ उएमात्सू यांनी एरिथसाठी रचलेली तीच संथ धून लढाईभर वाजत राहते. वार चालू, आकडे उडतायत आणि मागे ती धून. तिघांपैकी एकाचं बळ कमी झालं, आणि माझं लक्ष सवयीने तिच्या नावाकडे गेलं. यादीत नाव नव्हतं. भिया, घरात माणूस गेल्यावर चुकून त्याचंही ताट मांडतो ना आपण, अगदी तसं.

तिलकनगर_२१

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मी आणि दादा मिळून खेळतो. तो पुण्यात, मी इथे. दुसऱ्या अंकात थिसोबाल्ड नावाचा राक्षसी कलाल भेटतो. दादा लगेच धनुष्य काढणार, मी म्हटलं थांब. त्याच्यासमोर बसून प्यायचं आणि गोष्टी सांगायच्या, वीस बाजूंचा फासा साथ देईल तोवर. तो पीत जातो आणि शेवटी फुटतो. आमच्याकडून एक बाणही सुटला नाही. गोष्ट सांगणं हीच लढाई!

लोकमान्यनगरी

‘अंडरटेल’, २०१५. टोरिएल आपल्याला घरात घेते, जपते आणि बाहेर जाऊ द्यायला तयार होत नाही, म्हणून तिच्याशी लढावं लागतं. आपलं बळ अगदी संपत आलं की तिच्या आगीचे गोळे आपल्याला वळसा घालून जायला लागतात. मी मुद्दाम त्यांच्या वाटेत जाऊन पाहिलं. लागत नाहीत.

आधी भेटलेले राक्षस थोडे दमवले की सोडून देता यायचे. मला वाटलं हिलाही तसंच दमवू. एका वारात ती मेली. मी घाईघाईने गेम बंद केला, जुन्या सेव्हवरून, म्हणजे आधी साठवलेल्या टप्प्यावरून परत सुरू केला आणि या खेपेला कितीही वेळ लागला तरी फक्त दया, दया, दया हेच बटण दाबत राहिले. तिने मला मिठी मारून जाऊ दिलं. पुढच्याच खोलीत गेमच्या सुरुवातीला भेटलेलं ते हसरं फूल उभं होतं. त्याला माझी पहिली खेप माहीत होती, आणि तिला मारून मी मागे का गेले तेही.