‘स्वयंप्रशासित’ चाचणी म्हणावे काय?

विचारणा : जळगाव परिसरातील ज्येष्ठांनी संगणकावर एकट्याने सोडवायच्या स्मरणाच्या आणि मनःस्थितीच्या चाचण्यांसाठी मराठी सूचना लिहीत आहे. ‘सेल्फ-ॲडमिनिस्टर्ड’, ‘कॉग्निटिव्ह’ आणि ‘मूड’ यांना कोणते प्रतिशब्द योग्य ठरतील?

उत्तर : ‘स्वयंप्रशासित’ टाळावा, कारण ‘प्रशासन’ म्हटले की जिल्हाधिकारी कचेरीच आठवते. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. येथे देणारा आणि घेणारा एकच असल्यामुळे ‘आपली आपण घ्यायची चाचणी’ हे सरळ वाटते.

‘कॉग्निटिव्ह’साठी ‘बोधनिक’, ‘बोधात्मक’ आणि ‘संज्ञानात्मक’ असे तिन्ही शब्द आढळतात. ‘बोधात्मक’ने बोधकथेचा भास होतो. अहवालात ‘बोधनिक’ ठेवावा; पडद्यावर मात्र ‘लक्षात ठेवणे’, ‘लक्ष देणे’ अशी कामांचीच नावे द्यावीत.

खरी काळजी ‘मूड’पाशी घ्यावी लागेल. बोलण्यात ‘मूड नाही’ म्हणजे इच्छा नाही, म्हणून ‘मनःस्थिती’ बरा. पण त्याहून नाजूक जोडी ‘उदास’ आणि ‘उदासीन’ यांची आहे. उदास म्हणजे खिन्न. उदासीन म्हणजे ज्याला कशातच रस उरलेला नाही असा. नैराश्याची लक्षणे तपासणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत गेल्या 2 आठवड्यांविषयी 9 प्रश्न असून प्रत्येकाला 0 ते 3 गुण आहेत. पहिला प्रश्न रस न वाटण्याचा, तर दुसरा खिन्नतेचा आहे. दुसऱ्यात ‘उदासीन’ लिहिले, तर एकच गोष्ट दोनदा विचारली जाईल आणि 27 पैकी येणारी बेरीज फसवी होईल. समोर माणूस असता तर त्याने अर्थ उलगडून सांगितला असता. येथे ते काम शब्दालाच करावे लागते. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असल्यामुळे त्याची भाषा आडवळणाची नसावी आणि त्याच पडद्यावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक ठळक असावा.

पुरवणी : आमच्या अमळनेरकडे वृद्ध माणसे ‘माले करमत नही’ म्हणतात. हा शब्द कोणत्या प्रश्नात बसेल?

उत्तर : माझ्या मते कोणत्याच नाही. लेक सासरी गेल्यावरही करमत नाही आणि आजारातही करमत नाही. त्यात एकटेपण, खिन्नता आणि रस न वाटणे हे सारे एकत्र आलेले असते. अहिराणी बोलणाऱ्या काही ज्येष्ठांना दोन्ही प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावेत आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे. दोन्हींना एकच उत्तर आले, तर शब्द बदलावेत.